जुने व्हिडिओ गेम : असल यंत्र घ्यावे की एम्युलेटर?

व्हिडिओ गेमचा विषय व्यापाराच्या पानावर पाहून काही वाचक बंधूंच्या कपाळाला आठ्या पडतील. पोरांच्या खेळण्याचे येथे काय काम, असे ते म्हणतील. आमचेही पूर्वी तेच मत होते. परंतु ज्या जिनसेला रोख पैसे मोजणारे गिऱ्हाईक आहे, ज्या जिनसेत असल आणि नक्कल एकाच फळीवर शेजारी शेजारी मांडून विकली जाते आणि जिची दुरुस्ती जाणणारे हात दिवसेंदिवस कमी होत चालले आहेत, ती जिन्नस या पानाचाच विषय आहे असे आम्हांस आता वाटते.

हे गिऱ्हाईक लहान मूल नव्हे, हे प्रथम ध्यानात घ्यावे. तो चाळिशीतला कमावता माणूस असतो. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत भावंडांबरोबर तो मारिओ किंवा कॉन्ट्रा खेळला, आणि आज त्याला तीच गोष्ट आपल्या मुलांना दाखवायची आहे. तो दुकानात येतो आणि विचारतो, "असल गेम आहे का?" या एका प्रश्नाला बाजारात तीन उत्तरे आहेत. एक, कंपनीने त्या काळी बनवलेले मूळ यंत्र, म्हणजे कन्सोल. दोन, त्या यंत्राची बाहेरून-आतून केलेली नक्कल. तीन, एम्युलेटर, म्हणजे आजच्या संगणकात, मोबाईलमध्ये किंवा छोट्या डबीत चालणारा असा प्रोग्राम, जो जुन्या यंत्राचे सोंग घेतो. पुष्कळ दुकानदारांना या तिन्हींतला फरक सांगता येत नाही. गिऱ्हाइकालाही तो येत नाही. भांडण होते ते माल घरी गेल्यावर.

आपल्याकडे त्या काळी कन्सोल हा शब्द कोणी वापरत नसे. यंत्र म्हणजे 'टीव्ही गेम' आणि त्यात खोचायची ती 'कॅसेट'. या सगळ्याचे मूळ जपानच्या निन्तेंडो कंपनीच्या फॅमिकॉम नावाच्या यंत्रात आहे. १५ जुलै १९८३ रोजी ते जपानमध्ये १४,८०० येनला विक्रीस आले. १९८५ मध्ये तेच यंत्र निराळ्या राखाडी पेटीत अमेरिकेत गेले आणि त्याला एनईएस म्हणू लागले. जगभर अशी ६ कोटी १९ लाख यंत्रे खपली. परंतु आपल्या गल्लीबोळांत जी पोहोचली त्यांतली बहुतेक फॅमिकॉमच्या धर्तीवर बनवलेली दुसऱ्यांची यंत्रे होती. मीडिया, लिटिल मास्टर ही नावे अनेकांना आठवत असतील. निन्तेंडोची प्रतिस्पर्धी सेगा कंपनी १९९५ मध्ये शॉ वॉलेसमार्फत रीतसर आली, पण तिच्या मेगा ड्राइव्हची किंमत १८,००० रुपये होती. त्या काळी तेवढ्या पैशांत घरात रंगीत टीव्ही येत असे, मग खेळणे कोण घेणार?

सांगण्याचा मुद्दा असा की, आपले गिऱ्हाईक ज्याला 'असल' म्हणते ती त्याच्या आठवणीतली वस्तू मुळात नक्कल होती. यातून एक गंमत होते. त्या नकली यंत्रांपैकी पुष्कळांच्या चिपमध्ये आवाजाच्या दोन प्रकारांची अदलाबदल झालेली होती. जेथे मूळ यंत्र भरीव सूर काढी तेथे नक्कल पातळ सूर काढी आणि पातळ सुराच्या जागी भरीव. आज अशा माणसाच्या हाती खरेखुरे जपानी फॅमिकॉम द्या, तो मारिओचे संगीत ऐकून म्हणेल, हे ओरिजिनल नाही! त्याच्याशी हुज्जत घालण्यापूर्वी दुकानदाराने ही गोष्ट माहीत करून घ्यावी.

आता यंत्र आणि एम्युलेटर यांतला फरक. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या बंधूंना तो जेकार्डच्या मागाने चटकन समजेल. जेकार्डमध्ये भोके पाडलेले पुठ्ठ्याचे पत्ते असतात. जेथे भोक तेथला ताण्याचा धागा उचलला जातो आणि नक्षी विणली जाते. नक्षी पत्त्यांत आहे, पण पत्ता स्वतः कापड विणत नाही. विणतो तो माग. गेमची कॅसेट म्हणजे हे पत्ते आणि कन्सोल म्हणजे माग. सुपर मारिओ ब्रदर्स हा सगळा गेम अवघ्या ४० किलोबाइटचा आहे. मोबाईलवर काढलेला एक फोटो त्याच्या पन्नास-शंभर पट जागा खातो.

एम्युलेटर म्हणजे काय, तर एक अतिशय चपळ मुनीम. त्याच्याकडे माग नाही. तो पत्ते वाचतो आणि वहीत लिहीत जातो : आता तिसरा धागा उचलला, आता सातवा, आता धोटा गेला. ही नोंद तो इतक्या वेगाने करतो की पाहणाऱ्याला कापड विणले जात असल्यासारखे दिसते. मुनीम हुशार असेल तर कापडात फरक दिसत नाही. तो कामचुकार असेल तर मधले टप्पे गाळतो, अंदाजाने रकमा भरतो, आणि कोठेतरी नक्षी चुकते.

ही चूक होते ती मुख्यतः वेळेच्या हिशेबात. एनईएसच्या मेंदूचे एका सेकंदाला सुमारे १७ लाख ९० हजार ठोके पडतात, आणि त्याच्या प्रत्येक ठोक्याला चित्र काढणारी दुसरी चिप तीन ठिपके पुढे सरकते. यंत्राची कामाची स्मरणशक्ती होती फक्त २ किलोबाइट. संपूर्ण चित्र एकदम साठवून ठेवण्याएवढी जागाच त्यात नव्हती. म्हणून जुन्या डबा टीव्हीच्या पिक्चर ट्यूबमधला किरण पडद्यावर वरून खाली ओळ-ओळ सरकत असताना त्याच्याबरोबर धावत-धावत हे यंत्र चित्र तयार करी. मारिओ खेळताना वरची पट्टी, जिच्यात गुण आणि नाणी दिसतात, ती स्थिर राहते आणि खालचे मैदान सरकते, हे सर्वांनी पाहिले आहे. यंत्रात अशी दोन चित्रे एकत्र ठेवण्याची सोयच नव्हती. नाण्याच्या चिन्हाशी एक बारीक ठिपक्यांची आकृती दडवून ठेवली होती. किरण त्या आकृतीवर पोहोचला की यंत्राला खूण मिळे आणि त्या क्षणापासून खालचा भाग सरकवला जाई. मुनिमाने या जागी एका ओळीचीही गफलत केली तर पट्टी थरथरू लागते.

संगणकावर एनईएसचे सोंग घेणाऱ्या सुरुवातीच्या प्रोग्रामांत १९९७ साली निघालेला नेस्टिकल फार गाजला. तो अगदी साध्या संगणकावरही धावे, कारण तो पुष्कळ ठिकाणी अंदाजाने काम भागवी. त्याच वर्षी इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी मेम नावाचा प्रोग्राम काढला. त्याचे उद्दिष्ट घरच्या यंत्रांचे नसून नाणे टाकून खेळायच्या मोठ्या यंत्रांचे होते. लोक खूश होते, कारण गेम चालत होते.

परंतु 'चालतो' आणि 'बरोबर चालतो' यांत अंतर आहे हे ज्याने सर्वांत हट्टाने दाखवून दिले, तो बायू या टोपणनावाने काम करणारा एक प्रोग्रामर. पुढे त्याने निअर हे नाव घेतले. २०२१ मध्ये तो वारला. निन्तेंडोचे पुढचे यंत्र, सुपर निन्तेंडो, याचा बीएसएनईएस नावाचा एम्युलेटर त्याने २००४ पासून लिहिण्यास घेतला. २०११ मध्ये त्याने एक लेख लिहून सांगितले की, सुपर निन्तेंडोची तंतोतंत नक्कल करावयाची तर ३ गिगाहर्ट्झचा संगणक लागतो. मूळ यंत्राच्या मेंदूचा वेग होता जास्तीत जास्त ३.५८ मेगाहर्ट्झ! म्हणजे मागाने जे काम सहज केले, त्याचा बिनचूक हिशेब लिहिण्यास आठशे पट चपळ मुनीम लागला. त्याने उदाहरण दिले ते स्पीडी गोन्झालेसच्या एका गेमचे. त्या गेममध्ये शेवटाकडे एक बटण आहे. जुन्या एम्युलेटरवर त्या बटणाला स्पर्श केला की गेम तेथेच अडकून बसे, कारण मूळ यंत्रात एका विशिष्ट क्षणी घडणारी बारीकशी गोष्ट त्या एम्युलेटरच्या हिशेबातच नव्हती. काही कॅसेटींमध्ये जादा चिप असत, त्यांच्या आत काय लिहिले आहे हे कळण्याचा मार्ग नव्हता. तेव्हा या मंडळींनी अशा चिपांची वरची पापुद्री तेजाबाने विरघळवून, आतला भाग सूक्ष्मदर्शकाखाली धरून वाचून काढला. या चिकाटीला हुन्नरच म्हटले पाहिजे, मग ते काम कारखान्यात होवो की कोणाच्या घरातल्या टेबलावर.

तर मग आजचा चांगला एम्युलेटर असताना जुने यंत्र कशाला, असे कोणी विचारील. याचे उत्तर बहुतांशी पडद्यात आहे. निन्तेंडोची एक बंदूक होती, तिने बदके मारायचा डक हंट हा गेम खेळत. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होई आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे. बंदुकीच्या नळीतला प्रकाश ओळखणारा भाग तो पांढरा उजेड दिसतो की नाही हे पाही. हे सर्व डबा टीव्हीच्या किरणाच्या वेळेवर बेतलेले होते. आजच्या सपाट टीव्हीवर चित्र थोडे उशिरा उमटते, त्यामुळे बंदूक असल असो, यंत्र असल असो, बदक मरत नाही. गिऱ्हाईक म्हणते माल खराब आहे. माल चोख असतो, टीव्ही बदललेला असतो.

बंदुकीचे सोडा, उडीचे पाहा. या यंत्रांवर सेकंदाला ६० चित्रे दिसतात. सपाट टीव्ही आत येणाऱ्या चित्रावर सफाईची प्रक्रिया करतो, त्यात अशी काही चित्रे मागे पडतात. खेळणाऱ्याने बटण दाबलेले असते, पण मारिओ खड्ड्यात गेल्यावर उडी मारतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' असेल तर तो चालू करून द्यावा. निम्म्या तक्रारी तेथेच मिटतात. जुन्या यंत्राचे चित्र सपाट टीव्हीला समजेल अशा रीतीने बदलून देणाऱ्या रेट्रोटिंक, ओएसएससी अशा डब्याही मिळतात. रंगांचीही तीच कथा. सेगाच्या १९९१ च्या सॉनिक गेममधला धबधबा उभ्या रेघांनी काढलेला आहे. पिवळ्या पिनेच्या वायरने डबा टीव्हीला जोडला की त्या रेघा एकमेकींत मिसळून पाणी पारदर्शक दिसे. आजच्या स्वच्छ पडद्यावर नुसत्या रेघा दिसतात. चित्रकाराने त्या वायरीची कमजोरी जमेस धरून रंगवले होते.

तरीही एम्युलेटरला कमी लेखण्याचे कारण नाही. २०१८ पासून रेट्रोआर्च या प्रोग्राममध्ये अशी युक्ती आहे की तो गेम आतल्या आत एक-दोन चित्रे पुढे चालवून पाहतो आणि उशीर भरून काढतो. याशिवाय एफपीजीए नावाचा तिसरा मार्ग निघाला आहे. यात मुनीम नाही, प्रत्यक्ष मागच आहे. फरक इतकाच की या चिपच्या आतल्या जोडण्या हव्या तशा मांडता येतात. आज तिचा एनईएस करावा, उद्या मेगा ड्राइव्ह. मिस्टर नावाची योजना तैवानच्या टेरासिक कंपनीच्या बोर्डावर याच तत्त्वाने चालते. आमचे स्वतःचे मत विचाराल तर ज्याला दोन घटका मन रमवायचे आहे त्याने चांगले हाताळणीचे बटण-यंत्र घ्यावे आणि एम्युलेटरवर खेळावे. ज्याला बंदूक हवी, जुना टीव्ही हवा, कॅसेट खोचल्याचा तो खटका हवा, त्यानेच असल यंत्राच्या नादी लागावे; आणि लागण्यापूर्वी ते दुरुस्त करणारा माणूस शोधून ठेवावा.

दुरुस्तीकडे आमच्या कारागीर बंधूंनी विशेष लक्ष द्यावे. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीत ज्यांची हयात गेली त्यांना यातले काहीच अवघड नाही, आणि आजच्या मोबाईल मेकॅनिकला जुन्या मोठ्या पार्टची सवय राहिलेली नाही.

सर्वांत आधी वीज. जपानचा एलिमिनेटर १०० व्होल्टचा असतो, अमेरिकेचा १२० व्होल्टचा. आपल्या २३० व्होल्टला सरळ लावला की धूर निघालाच. आमच्या परिचयातील एका गृहस्थाने परदेशातून आणवलेले यंत्र असेच पहिल्या मिनिटाला गमावले. ट्रान्सफॉर्मर वापरला तरी आणखी एक फसगत आहे. अमेरिकन एनईएसचा एलिमिनेटर ९ व्होल्ट एसी देतो, कारण यंत्राच्या आत त्याचे डीसी करण्याची सोय आहे. जपानी फॅमिकॉमला मात्र डीसीच लागतो, तोही मधली पिन निगेटिव्ह असलेला. दोन्हींचे भोक दिसायला सारखे. एनईएसचा एलिमिनेटर फॅमिकॉमला लावला तर यंत्र जाते. मीटर लावून पाहिल्याशिवाय पिन खुपसू नये.

दुसरे, कॅसेट. फुंकर मारली की गेम लागतो, ही आपल्या सर्वांची समजूत. वस्तुतः कॅसेट काढून पुन्हा बसवण्यानेच काम होत असे. फुंकरीबरोबर तोंडाची वाफ पिनांवर बसून उलट गंज धरतो. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पिना पुसाव्यात, काडी काळी निघेनाशी झाली की थांबावे. राखाडी एनईएसमध्ये आतली ७२ पिनांची पट्टी सैल होते. यंत्रात कॅसेटची खातरी करणारी एक कुलूप-चिप असल्याने संपर्क नीट न झाल्यास ती यंत्र दर सेकंदाला बंद-चालू करते आणि लाल दिवा लुकलुकत राहतो. गिऱ्हाईक म्हणते मदरबोर्ड गेला. बहुधा पट्टीच बदलावी लागते.

तिसरे, कंडेन्सर. १९९० च्या आसपास बोर्डाच्या पाठीवर चिकटवायचे छोटे कंडेन्सर नवे होते आणि त्यांतले पुष्कळ गळके निघाले. सेगाचे गेम गिअर हे हाती धरायचे यंत्र तर यासाठी बदनामच आहे. आवाज क्षीण, पडदा फिकट, अशी तक्रार आली की हेच समजावे. गळालेले पाणी तांब्याच्या रेषा खाते, म्हणून नुसते कंडेन्सर बदलून भागत नाही, बोर्ड धुऊन रेषा तपासाव्या लागतात. मूळ एक्सबॉक्सच्या काही बोर्डांवर घड्याळाचा कंडेन्सर असाच गळतो. यंत्र चालत असले तरी तो आधी काढून टाकावा.

सीडीच्या यंत्रांत लेन्स दमते. सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनमध्ये लेन्सची प्लॅस्टिकची वाट झिजे, म्हणून लोक यंत्र उलटे ठेवून खेळत! आता लेन्सच्या जागी मेमरी कार्ड वाचणारा बोर्ड बसवता येतो. तो बसवला तर गिऱ्हाइकाला तसे सांगावे, कारण काहींना फिरणारी सीडीच हवी असते. पिवळी पडलेली पेटी हायड्रोजन पेरॉक्साइड आणि उन्हाने पांढरी करतात. पिवळेपणा पुढे परत येऊ शकतो, त्याची हमी देऊ नये. आणि डबा टीव्ही उघडणाऱ्या नव्या शागिर्दांसाठी इतकेच, की बंद केलेल्या रंगीत ट्यूबमध्येही २० हजार व्होल्टच्या पुढचा दाब अडकून राहिलेला असू शकतो. उस्ताद जवळ नसताना हात घालू नये.

चोर बाजार असो की लॅमिंग्टन रोड, कॅसेट विकत घेताना ती उघडून पाहण्याचा आग्रह धरावा. निन्तेंडोच्या बऱ्याच कॅसेटींना साधा पेचकस लागत नाही, ३.८ मिलिमीटरचा खास बिट लागतो. आत बोर्डावर कंपनीचे नाव छापलेले आणि नंबर असलेल्या स्वतंत्र आयसी असल्या तर माल बहुधा असल. काळ्या डांबरासारखा एक गोळा दिसला तर बहुधा नक्कल. गेम बॉय अॅडव्हान्सच्या पोकेमॉन कॅसेटींच्या नकला फार आहेत. असल कॅसेटीच्या चिकटपट्टीवर तिरप्या उजेडात दाबून उमटवलेले दोन आकडे दिसतात.

आता ज्या गोष्टीने आमच्या लहान दुकानदार बंधूंचे खरे नुकसान होऊ शकते ती सांगतो. टीव्हीला जोडायच्या छोट्या कांड्या घाऊक बाजारात येतात. त्यावर लिहिलेले असते, दहा हजार गेम. स्वस्त असतात, खपतात. आत एम्युलेटर असतो आणि कोणाचीही परवानगी न घेता भरलेले गेम असतात.

एम्युलेटर स्वतः चोरीचा माल नाही, हे स्पष्ट समजून घ्यावे. अमेरिकेत सोनीने कनेक्टिक्स कंपनीवर दावा केला होता, तेव्हा २००० मध्ये तेथील अपील न्यायालयाने कनेक्टिक्सचा प्लेस्टेशन एम्युलेटर बनवण्याचा मार्ग वाजवी ठरवला. निन्तेंडोने २०१६ मध्ये ३० गेम भरलेली एनईएसची छोटी पेटी विकली, ती आतून एम्युलेटरच आहे. २०२४ मध्ये अॅपलनेही आपल्या दुकानात एम्युलेटरांना जागा दिली. म्हणजे मुनीम ठेवणे गुन्हा नाही. पत्ते कोणाचे, हा प्रश्न आहे. गेमचा प्रोग्राम आणि चित्रे यांवर कंपनीचा हक्क असतो आणि १९८५ चा मारिओ अजून कितीतरी वर्षे त्या हक्काखाली राहणार आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ अन्वये, ज्याच्याकडे प्रोग्रामची रीतसर प्रत आहे त्याला ती नष्ट होण्याच्या भीतीने स्वतःपुरती राखीव प्रत करता येते. परंतु हजारो गेमच्या प्रती भरून विकणे त्यात बसत नाही. कलम ६३ मध्ये अशा भंगास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे. अमेरिकेत २०१८ मध्ये गेमच्या फुकट प्रती वाटणाऱ्या एका जोडप्याविरुद्ध निन्तेंडोने १ कोटी २० लाख डॉलरांहून अधिक रकमेचा हुकूमनामा मिळवला. घाऊक व्यापारी बिलावर 'खेळणी' लिहून मोकळा होतो. छाप्यात सापडतो तो किरकोळ दुकानदार.

परदेशातून जुनी यंत्रे मागवून विकण्याचा विचार असणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. वापरलेला इलेक्ट्रॉनिक माल आयात करण्यास परवाना लागतो, आणि व्हिडिओ गेमची यंत्रे २०१२ च्या आदेशापासून भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणीत आहेत. कस्टम एजंटाला विचारल्याशिवाय बयाणा देऊ नये.

याची दुसरी बाजूही आम्ही लपवीत नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या अमेरिकेतील संस्थेने २०२३ मध्ये पाहणी केली, तेव्हा तेथे २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के बाजारात रीतसर विकतच मिळत नाहीत असे आढळले. त्याच वर्षी मार्चमध्ये निन्तेंडोने आपल्या दोन जुन्या यंत्रांसाठीचे ऑनलाइन दुकान बंद केले. कंपनी विकत नाही, आणि दुसऱ्याने प्रत केली तर तोही गुन्हा, असा हा पेच आहे. एम्युलेटर लिहिणाऱ्यांनी जर या खटपटी केल्या नसत्या तर यांतले पुष्कळ गेम आज कोणाच्याच दृष्टीस पडले नसते. कायदा आहे तो आहे. पण जतन करणाऱ्याला आणि कांड्या भरून विकणाऱ्याला एकाच मापाने मोजावे असे आम्हांस वाटत नाही.

दुकानदारीपुरते म्हणाल तर पावतीवर लिहावे : 'मूळ यंत्र, दुरुस्त केलेले', किंवा 'नक्कल', किंवा 'एम्युलेटरची पेटी, गेमविना'. यंत्रमागाची साडी हातमागाची म्हणून दिली तर गिऱ्हाईक एका धुण्यात ओळखते आणि पुन्हा पायरी चढत नाही, हे आम्ही कापडात पाहिले आहे. यंत्रमागाची साडी यंत्रमागाची म्हणून दिली तर कोणी तक्रार करीत नाही.

शेवटी कारागीर बंधूंसाठी एक कामाची गोष्ट. १९८७ मध्ये अमेरिकेत निघालेल्या झेल्डापासून अनेक कॅसेटींमध्ये खेळ जेथे सोडला तेथून पुढे खेळण्याची सोय आहे. ती नोंद एका नाण्याएवढ्या बॅटरीवर टिकते, बहुधा सीआर २०३२ किंवा तिच्या भावंडावर. त्या बॅटऱ्या आता एकेक करून संपत आहेत. असे गिऱ्हाईक येते तेव्हा कॅसेटीत कोणा भावाने पंचवीस-तीस वर्षांपूर्वी आपले नाव लिहून ठेवलेला खेळ असू शकतो, आणि तो भाऊ आज हयात असेलच असे नाही. बॅटरीचे सोल्डर सोडवले की ती नोंद गेली. म्हणून इस्त्री गरम करण्यापूर्वी कॅसेट वाचणाऱ्या यंत्रावर लावून ती नोंद संगणकात उतरवून घ्यावी, एम्युलेटरमध्ये उघडून गिऱ्हाइकाला नाव दाखवावे, मगच बॅटरी बदलावी, आणि नोंद पुन्हा कॅसेटीत भरून द्यावी. नवी बॅटरी पाय जोडलेली घ्यावी. साध्या बॅटरीला थेट इस्त्री लावली तर ती फुटते.